वाचकांचे प्रश्न : मज्जारज्जूच्या इजेनंतर ताकदीचा व्यायाम किती जोराने करावा?

मज्जारज्जूला इजा झालेल्या व्यक्तींच्या व्यायामाविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या अंकात घेतली आहेत. चौघांच्याही अडचणीचे मूळ एकच आहे, ते म्हणजे व्यायामाचा जोर मोजायचा कशाने. पत्रे जागेअभावी थोडी संक्षिप्त केली आहेत. उत्तरे सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी असून प्रत्यक्ष वजन वाढवण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी व फिजिओथेरपिस्टशी बोलून घ्यावे.

प्रश्न : माझे वय ३६ आहे. अडीच वर्षांपूर्वी आंब्याच्या कलमावरून पडल्याने डी-१२ म्हणजे छातीच्या बाराव्या मणक्यापाशी मज्जारज्जूला इजा झाली. कमरेखाली हालचाल नाही आणि संवेदनाही नाही. व्हीलचेअर मी स्वतः चालवतो आणि तालुक्याच्या गावी एका जिममध्ये जातो. तेथील ट्रेनर सांगतात की २२० मधून वय वजा करायचे आणि उरलेल्या आकड्याच्या ७० टक्क्यांवर नाडी ठेवायची. फिजिओथेरपिस्ट म्हणतात, नाडी सोडा, दहापैकी सात इतका जोर लागल्यासारखे वाटले पाहिजे. ज्याच्या अर्ध्या अंगाला काही कळत नाही, त्याच्या ‘वाटण्या’वर विसंबायचे कसे? शिवाय पाच किलोचे डंबेल सोमवारी हलके लागते आणि तेच गुरुवारी उचलवत नाही.
— एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : आपल्या ट्रेनरांचे गणित करून पाहिले तर २२० वजा ३६ म्हणजे १८४, आणि त्याचे ७० टक्के म्हणजे सुमारे १२९ ठोके. हे सूत्र चालणे, धावणे, सायकल अशा सलग चालणाऱ्या व्यायामासाठी आहे आणि तेथेही ते ढोबळच आहे. डंबेल उचलताना नाडी किती वाढेल हे वजनापेक्षा किती मोठे स्नायू कामाला लागले, सेट किती वेळ चालला, मध्ये विश्रांती किती घेतली आणि श्वास रोखून धरला का, यांवर अधिक ठरते. दंडाचा स्नायू पूर्ण दमला तरी नाडी शंभराच्या आसपास राहू शकते, आणि हलक्या वजनाने घाईघाईत काढलेल्या तीस आवर्तनांत ती १३० च्या वर जाऊ शकते. म्हणून ताकदीच्या व्यायामात नाडीवर वजन ठरवणे धडधाकट माणसालाही उपयोगाचे नाही, आणि या बाबतीत आपले फिजिओथेरपिस्ट बरोबर आहेत.

आता ‘वाटण्या’चा प्रश्न, जो आपण फार नेमका विचारला आहे. श्रमाची जाणीव स्नायूंतून, सांध्यांतून आणि त्वचेतून वर जाणाऱ्या संदेशांतूनच निर्माण होते, असा आपला समज असतो. अनेक संशोधकांचे मत याहून वेगळे आहे. मेंदू स्नायूला जो हुकूम पाठवतो, त्याची एक नक्कल मेंदूतच जाणिवेशी संबंधित भागांकडे जाते, आणि हुकूम जितका जोराचा तितके काम कष्टाचे वाटते. स्नायू दमला की तेवढेच वजन उचलण्यासाठी मेंदूला अधिक जोराचा हुकूम सोडावा लागतो, म्हणूनच दहावे आवर्तन पहिल्यापेक्षा जड वाटते. डी-१२ च्या इजेत खांदे, दंड, छाती आणि पाठीचा वरचा भाग यांच्याकडे जाणारे मार्ग शाबूत असतात. जे स्नायू आपण वापरता, त्यांच्यापुरती आपली जाणीव इतर कोणाच्याही जाणिवेइतकी खरी आहे. जो भाग या जाणिवेत येत नाही, त्याच्या सुरक्षिततेविषयी मात्र ती काहीही सांगत नाही. ओटीपोट, नितंब आणि पाय यांची खबर वेगळ्या मार्गाने घ्यावी लागते, आणि या दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नये.

श्रमाला आकडा देण्याची पद्धत गुन्नर बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात रूढ केली. त्यांची मूळ मोजपट्टी ६ पासून २० पर्यंत जाते. सहापासून सुरुवात पाहून अनेकांना नवल वाटते, पण आकड्याला दहाने गुणले की तरुण निरोगी माणसाची अंदाजे नाडी मिळावी, असा तो हिशेब होता. म्हणजे ही मोजपट्टी जन्मापासूनच नाडीशी बांधलेली आहे, आणि ताकदीच्या व्यायामासाठी ती मला फारशी सोयीची वाटत नाही. बोर्ग यांनीच १९८२ मध्ये दहाची मोजपट्टी मांडली, आणि ‘दहापैकी किती’ हे विचारणे आता दवाखान्यांत सर्रास चालते. तरीही नुसता ‘सात’ हा आकडा हवेत राहतो. एकाचा सात म्हणजे घाम फुटणे, तर दुसऱ्याचा सात म्हणजे कंटाळा येणे.

त्याऐवजी सेट संपताच स्वतःला एकच प्रश्न विचारावा : याच पद्धतीने, अंग न झुकवता, आणखी किती आवर्तने निघाली असती? एकही निघाले नसते तर आकडा दहा, एक निघाले असते तर नऊ, दोन निघाली असती तर आठ, तीन निघाली असती तर सात. चार ते सहा शिल्लक असतील तर पाच-सहा म्हणावे, आणि त्याखाली बारकाईने मोजण्यात अर्थ नाही, कारण थकव्यापासून जितके दूर तितका माणसाचा अंदाज चुकतो. धडधाकट लोकांवरील अभ्यासांतून असे दिसले आहे की लोक शिल्लक आवर्तनांचा अंदाज सरासरी जवळपास एकाने कमी करतात, म्हणजे ‘दोनच उरली’ म्हणणाऱ्याची पुष्कळदा तीन उरलेली असतात. मज्जारज्जूच्या इजेनंतरच्या ताकदीच्या व्यायामात ही पद्धत किती अचूक ठरते, याचा पुरावा अजून तोकडा आहे. पण पर्याय म्हणून जी गोष्ट सुचवली जाते, ती म्हणजे एकदाच उचलता येईल असे कमाल वजन शोधून त्याची टक्केवारी काढणे. त्या चाचणीत श्वास रोखला जातो, रक्तदाब उसळतो आणि आयुष्यभर पायांचे काम करणाऱ्या खांद्यांना अकारण धोका होतो. त्यापेक्षा हा अंदाज मला केव्हाही पत्करतो.

एक उदाहरण जवळून पाहू. खिडकीच्या गजाला व्यायामाचा रबरी बँड अडकवून आपण खुर्चीत बसला आहात, ब्रेक लावलेले आहेत, छातीपाशी पट्टा आहे आणि दोन्ही कोपरे मागे खेचून खांद्यांची पाती एकमेकांजवळ आणायची आहेत. पहिली पाच-सहा आवर्तने एका चालीत होतात. सातव्या-आठव्याला खेचायला लागणारा वेळ वाढतो आणि बँड परत सोडताना हात चटकन पुढे जाऊ पाहतो. नवव्याला खांदे कानांकडे चढतात, हनुवटी पुढे येते किंवा धड मागे झोकून बँड ओढला जातो. तेथे सेट संपला. दहावे आवर्तन ओढूनताणून निघाले तरी ते पाठीचे नसते, ते शरीराच्या झोकाचे असते, आणि म्हणून मोजायचे नसते. बाजूला बसलेल्या व्यक्तीने फक्त हा वेग आणि हे खांदे पाहावेत. आपण सांगितलेला आकडा ‘सहा’ आणि खांदे कानांपाशी, असे दिसले तर त्या दिवशी खांद्यांवर विश्वास ठेवावा. आवर्तने मोठ्याने मोजली तर श्वासही रोखला जात नाही.

मज्जारज्जूच्या इजा झालेल्या प्रौढांसाठी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत, चालू असलेल्या प्रत्येक प्रमुख स्नायुगटासाठी आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी तीन सेट, मध्यम ते जोरकस तीव्रतेने, एवढे किमान सांगितले आहे. दमसासाचा व्यायाम याखेरीज करायचा आहे. या सूचना इजेला किमान एक वर्ष झालेल्या, १८ ते ६४ या वयोगटातील व्यक्तींसाठी आहेत, म्हणजे आपण त्यांत बसता. व्यवहारात याचा अर्थ असा, की आठ ते दहा आवर्तनांनंतर दोन-तीन शिल्लक राहतील असे वजन घ्यावे, सेटमध्ये एक-दोन मिनिटे थांबावे, आणि पहिले काही आठवडे चार-पाच शिल्लक ठेवूनच थांबावे. मोजण्याची सवय होईपर्यंत आकडा आपल्याला शिकवत नसतो, आपण आकड्याला शिकवत असतो. शेवटच्या सेटमध्ये ठरलेल्यापेक्षा दोन आवर्तने जास्त निघाली आणि पुढच्या वेळीही तसेच झाले, तर वजन वाढवावे. ती वाढ दोन ते दहा टक्क्यांची असावी. जिममध्ये पाचच्या डंबेलनंतर एकदम साडेसातचे असते, म्हणजे थेट पन्नास टक्के वाढ, आणि पुष्कळ खांदे येथेच बिघडतात. अर्ध्या किलोचा मनगटी पट्टा पाच किलोच्या डंबेलसोबत बांधला की काम होते.

सोमवारचे पाच किलो गुरुवारी जड का लागतात, याचे उत्तर बहुधा जिमच्या बाहेर आहे. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून कमोडवर, तेथून गाडीत, अशा प्रत्येक ट्रान्सफरमध्ये आपण जवळजवळ पूर्ण अंगाचे वजन हातांवर उचलता. गुरुवारी सकाळी चढाच्या रस्त्याने खुर्ची ढकलली असेल तर तो व्यायाम होऊनच गेलेला असतो. अपुरी झोप, लघवीच्या जंतुसंसर्गाची सुरुवात, बद्धकोष्ठ, स्नायूंची आकडी कमी करणाऱ्या बॅक्लोफेनची वाढवलेली गोळी, या सर्वांनी श्रमाचा आकडा चढतो. अशा दिवशी वजन कमी करून तेच सात-आठ गाठावे, कारण या पद्धतीचा खरा फायदा हाच आहे की वजन त्या दिवसाच्या शरीराप्रमाणे ठरते. मात्र आकडा सलग तीन-चार वेळा कारणाशिवाय चढाच राहिला, तर लघवीची तपासणी करून घ्यावी.

खांद्याचे दुखणे या आकड्यात मिसळू नये. स्नायूची जळजळ स्नायूच्या पोटात होते आणि थांबल्यावर मिनिटभरात ओसरते. खांद्याच्या टोकाशी, हात वर नेताना एका ठरावीक कोनात येणारी कळ म्हणजे श्रम नव्हे. त्या व्यायामाला आकडाच देऊ नये, तो त्या दिवशी सोडून द्यावा. खुर्ची ढकलण्याने छाती व खांद्याचा पुढचा भाग तसाही रोज राबतो, त्यामुळे ढकलण्याच्या एका व्यायामामागे खेचण्याचे दोन ठेवावेत असे मी सुचवीन.

प्रश्न : माझ्या यजमानांना पाच वर्षांपूर्वी रस्ता अपघातात मानेला मार लागून सी-६ ची, म्हणजे मानेच्या सहाव्या पातळीची, पूर्ण इजा झाली. घरी मी त्यांच्याकडून व्यायाम करवून घेते. त्यांची नाडी कितीही व्यायाम केला तरी ११५ च्या वर जात नाही. ‘किती जोर लागला’ विचारले की ते नेहमी चारच सांगतात, पण हात तर थरथरत असतो. मागच्या महिन्यात एकदा उलटे झाले. हलकाच व्यायाम चालू असताना चेहरा लाल झाला, कपाळावर घाम आला, डोके ठणकू लागले आणि ते म्हणाले, ‘आज नऊ.’ मी त्यांना आडवे केले, तर दुखणे वाढले. आकड्यांवर किती भरवसा ठेवू?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आपल्या पत्राचा शेवटचा भाग आधी घेतो, कारण तो सर्वांत तातडीचा आहे. आपण जे वर्णन केले आहे ते बहुधा श्रमाचे नऊ नव्हते. छातीचा सहावा मणका, म्हणजे आपल्याकडच्या रिपोर्टवर डी-६ असे लिहिलेली पातळी, किंवा त्याच्या वर इजा असलेल्या व्यक्तींमध्ये ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया नावाचा प्रकार होऊ शकतो. इजेच्या खाली काहीतरी खुपत असते. बहुतेक वेळा ते तुंबलेले मूत्राशय किंवा मुडपलेली कॅथेटरची नळी असते, काही वेळा भरलेले आतडे, बेडसोअर, मांसात रुतलेले नख किंवा मांडीला करकचून बांधलेला लघवीच्या पिशवीचा पट्टा असतो. ते त्या व्यक्तीला जाणवत नाही, पण इजेखालच्या नसा त्यावर प्रतिक्रिया देतात, रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. मेंदूला हे कळते, पण त्याचा आवरण्याचा हुकूम इजेपलीकडे पोहोचत नाही. म्हणून इजेच्या वर चेहरा लाल, घाम, नाक चोंदणे आणि ठणकणारी डोकेदुखी, अशी चिन्हे दिसतात. नाडी पुष्कळदा वाढण्याऐवजी मंदावते.

अशा वेळी आडवे करू नये. व्यायाम थांबवून ताठ बसवावे, पाय खाली सोडावेत, छातीचा पट्टा, पोटाचा पट्टा, बूट, पिशवीचा पट्टा सैल करावा, नळीला पीळ पडला आहे का पाहावे, पिशवी रिकामी करावी, आणि नळी कायमची नसेल तर कॅथेटर घालून लघवी काढावी. दर दोन-पाच मिनिटांनी रक्तदाब पाहावा. मानेच्या इजेत वरचा आकडा एरवी ९० ते ११० इतकाच असतो, आणि त्यावर २० ते ४० ची वाढ हेच संकट असते. त्यामुळे १४० हा आकडा पाहून ‘थोडासाच वाढला आहे’ असे कोणी म्हणाले तर त्यांना यजमानांचा नेहमीचा रक्तदाब सांगा. कारण सापडले नाही किंवा रक्तदाब उतरला नाही तर विनाविलंब रुग्णालयात जावे. हे सर्व एका कागदावर लिहून खुर्चीच्या मागच्या कप्प्यात ठेवावे. आपल्याकडे तातडीच्या विभागातही प्रत्येकाला याची माहिती असतेच असे नाही.

याच्या नेमके उलट चित्रही दिसू शकते. चेहरा पांढुरका पडला, डोळ्यांपुढे अंधारी आली, बोलणे मंदावले, तर रक्तदाब उतरला आहे. तेव्हा खुर्ची मागे कलती करून पाय वर घ्यावेत. लाल चेहरा आणि ठणका असेल तर ताठ बसवायचे, पांढरा चेहरा आणि अंधारी असेल तर मागे कलते करायचे, एवढे घरातल्या प्रत्येकाला पाठ असले पाहिजे.

श्रम आणि हा झटका यांतला फरक ओळखायला एक साधी कसोटी उपयोगी पडते. श्रमाचा आकडा वजनाच्या मागे चालतो आणि वजन खाली ठेवल्यावर एक-दोन मिनिटांत उतरतो. हलक्या वजनाला अचानक मोठा आकडा आला, किंवा विश्रांतीनंतरही तो उतरला नाही, तर तो श्रम नाही असे धरून पुढची पावले उचलावीत. प्रत्येक सत्रापूर्वी लघवी काढलेली असावी, हे तर नियम म्हणूनच पाळावे. जाता जाता सांगतो, काही खेळाडू कामगिरी वाढवण्यासाठी हा झटका मुद्दाम ओढवून घेत असत, आणि पॅरालिम्पिक क्रीडाक्षेत्रात १९९४ पासून त्यावर बंदी आहे.

नाडीचे म्हणाल तर त्यांच्या बाबतीत ११५ हाच जवळपास माथा असू शकतो. हृदयाला वेग वाढवण्याचा हुकूम देणाऱ्या नसा मज्जारज्जूतून छातीच्या वरच्या भागात बाहेर पडतात, आणि मानेच्या पूर्ण इजेत मेंदूचा त्यांच्याशी संबंध तुटतो. अशा व्यक्तींची कमाल नाडी बहुधा ११० ते १३० च्या दरम्यानच राहते. त्यामुळे कोणतेही नाडीचे सूत्र त्यांना लावू नये.

आता ते सांगत असलेला ‘चार’. मला वाटते ते खोटे बोलत नाहीत. आपण ‘किती जोर लागला’ असे मोघम विचारता, आणि ते पूर्ण शरीराचा हिशेब देतात. दंडाचा एक लहान स्नायू काम करतो तेव्हा श्वास फारसा वाढत नाही, नाडी वाढू शकत नाही, घाम येत नाही. मग ‘एकूणात’ चारच वाटणार. प्रश्न त्या स्नायूकडे बोट दाखवून विचारावा : या दंडात किती, आणखी किती वेळा उचलता आले असते? श्वासाचा आकडा वेगळा विचारावा. बोटाने त्या जागी हलकेच टोचून विचारले तर उत्तर बदलते, असे आपल्यालाही दिसेल.

सी-६ च्या इजेत दोन शेजारच्या स्नायूंची ताकद इतकी वेगळी असते की सर्वांसाठी एकच वजन ठरवता येत नाही. कोपर वाकवणारा दंडाचा स्नायू पूर्ण ताकदीचा असेल, मनगट वर उचलणारे त्याहून कमी असतील, आणि कोपर सरळ करणारा मागचा स्नायू जवळजवळ नसेल. म्हणून वहीत व्यायामाचे नाव, बाजू आणि आकडा असे तीन रकाने ठेवावेत. दोन किलोचे डंबेल बोटांत धरायला दिले तर सेट मनगटामुळे संपतो आणि आकडा मनगटाचा येतो, दंडाचा नाही. त्यासाठी वेल्क्रोचा मनगटी वजनपट्टा किंवा हात दांडीला बांधणारा ग्लोव्ह वापरावा. मागच्या स्नायूत थोडी फडफड असेल तर टेबलावर टाल्कम पावडर पसरून, हात त्यावर ठेवून, कोपर सरळ करण्याचा प्रयत्न करू द्यावा. वजन शून्य असले तरी आकडा खराखुरा नऊ येऊ शकतो, आणि तोच त्या स्नायूचा जोरकस व्यायाम असतो. अशा अर्धवट स्नायूंना नऊपर्यंत रोज नेऊ नये, ते दमले की दुसऱ्या दिवशी नेहमीचे कामही नीट करीत नाहीत.

हातावर भार देताना मूठ मिटलेली असावी. मनगट मागे वाकवून बोटे एकाच वेळी सरळ ताणली गेली, तर मनगट उचलताना बोटे आपोआप मिटून जी पकड मिळते ती सैल होत जाते.

नागपूरच्या उन्हाळ्याविषयी वेगळे सांगायला हवे, कारण इजेखाली घाम येत नाही आणि शरीर तापलेले आकड्यात कळत नाही. पारा ४५ अंशांच्या घरात असताना व्यायाम पहाटे करावा, पाण्याची फवारणी आणि मानेवर ओले फडके असावे, आणि एरवीच्या वजनाला आकडा दोनने चढला तर खोली तापली आहे का ते आधी पाहावे.

प्रश्न : माझी इजा अपूर्ण आहे. काठी घेऊन घरात चालते, उजवा पाय बरा आहे, डाव्या मांडीत थोडीच ताकद आहे. डावा पायही आठपर्यंत नेऊ का? विद्युत उत्तेजनाच्या यंत्राने करतात त्या व्यायामालाही हीच मोजपट्टी लावायची का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे : लावू नये. यंत्र स्नायूला बाहेरून आकसवते, त्यात मेंदूचा हुकूम नसतो, म्हणून श्रमाची जाणीवही नसते. तेथे स्नायू किती वेळ वजन उचलून धरतो आणि आकुंचन केव्हा मंदावते, हे डोळ्यांनी पाहावे लागते. यंत्रासोबत आपणही पाय उचलण्याचा प्रयत्न करीत असाल, तर तो आकडा आपल्या प्रयत्नाचा असतो, यंत्राचा नसतो.

डाव्या पायासाठी मी सहा-सातवर थांबेन. मज्जातंतूंचा पुरवठा अर्धवट असलेल्या मांडीला साध्या हालचालीतही आठ-नऊ जाणवतात, आणि त्या थकव्याचा खरा हिशेब सेटमध्ये लागत नाही. तो दुसऱ्या दिवशी सकाळी, संडासच्या उंबऱ्यापाशी लागतो. पाऊल नेहमीसारखे उचलले गेले तर आदल्या दिवशीचा जोर योग्य होता. पायाचा अंगठा उंबऱ्याला अडकू लागला तर तो जास्त झाला. पाय अचानक आपोआप सरळ झटकला गेला तर ते स्नायूंच्या आकडीमुळे झालेले असते, ते आवर्तन म्हणून मोजू नये. दोन्ही पाय एकाच वेळी कामाला लावणाऱ्या यंत्रावर आकडा नेहमी बऱ्या पायाचा येतो, म्हणून डावा पाय वेगळा करून पाहावा. पायांवर भार कमी पडल्याने गुडघ्याजवळची हाडे ठिसूळ होतात, मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीचे वरचे टोक सर्वांत आधी. संवेदना कमी असेल तर तेथे पडलेली चीर दुखण्याऐवजी नुसत्या सुजेने आणि ऊबेने कळते. घोट्याला वजन बांधण्यापूर्वी हाडांची घनता तपासून घ्यावी.

प्रश्न : बेडसोअर टाळण्यासाठी मला दर अर्ध्या तासाने हातांवर जोर देऊन खुर्चीतून अंग उचलायला सांगितले आहे. इजा डी-८ ची आहे. हेच दहा-दहाचे तीन सेट धरून ताकदीचा व्यायाम म्हणून मोजता येईल का?
— एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : मोजू नये, आणि शक्य असेल तर दाब काढण्यासाठीही ही पद्धत कमी वापरावी. दबलेल्या त्वचेत रक्तपुरवठा व प्राणवायू पूर्ववत व्हायला जवळपास दोन मिनिटे लागतात. हातांवर अंग दोन मिनिटे तोलून धरणे बहुतेकांना जमत नाही, आणि जमले तरी त्याचा आकडा नऊ-दहा असतो. दिवसातून वीस-पंचवीस वेळा खांद्याला नऊ देणे म्हणजे खांद्याचे दुखणे ओढवून घेणे होय. त्याऐवजी ब्रेक लावून, पुढची चाके पुढे वळवून, छाती मांड्यांकडे नेत पुढे झुकावे, किंवा एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला कोपरावर रेलून प्रत्येकी दोन मिनिटे थांबावे. यात जोराचा आकडा दोन-तीनच्या वर जायला नको. गेला, तर बैठक किंवा उशी बदलण्याची गरज आहे का, हे फिजिओथेरपिस्टना दाखवून घ्यावे. ताकदीसाठी वेगळे दोन दिवस ठेवावेत, आणि त्या दोन दिवसांत व्यायाम संपल्यावर आरशात नितंबांची त्वचा पाहावी. लाली अर्ध्या तासानंतरही गेली नाही, तर ती जाईपर्यंत त्या जागेवर बसू नये.